मामाजींचा डावा डोळा

लग्नानंतर पहिल्यांदा मामाजींच्या घरी गेलो, तेव्हा सोबत पिशवीभर लिंबं नेली होती.

मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा, प्रल्हादराव. गाव बार्शीटाकळीजवळ. "मामा बागाईतदार हायेत," एवढं बायकोने सांगितलं होतं. बाग कशाची हे मी विचारलं नाही, कारण आम्हा अमरावतीकरांच्या डोक्यात बाग म्हटली की संत्र्याशिवाय दुसरं फळ येत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून अकोल्याच्या स्टँडबाहेर उतरलो तशी लिंबं घेतली. उन्हाळ्याचे दिवस, सरबताला होतील असा सुज्ञ विचार. फाटकातून आत शिरलो तर दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं, झाडांखाली लिंबाचे ढीग आणि ढिगांभोवती निवडायला बसलेल्या बाया. बायकोने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "यात काय हाय?" म्हणाली. पिशवी लपवायला जागा नव्हती.

मामाजींनी ती माझ्या हातून घेतली, उघडून पाहिली आणि आत हाक मारली, "ऐकलं का वं, जवाईबापूनं लिंबं आनले. बरं झालं. घरात नोतेच."

त्या दिवशीचं सरबत माझ्याच लिंबांचं झालं. ढिगातल्या एकाही लिंबाला कोणी हात लावला नाही. बाया हसल्या नाहीत असं नाही, पण मामाजींनी तिकडे पाहिल्यावर त्यांना अचानक पुष्कळ काम आठवलं. दुसऱ्याची चूक झाली की तिला ते असं बसायला जागा करून देत. खाटेवरचं घोंगडं जरा सरकवावं आणि पाहुण्याला म्हणावं, बसा, तसं.

ही त्यांची सवय पुढे मला फार महाग पडणार होती. म्हणजे त्यांनाच पडली. मी फक्त बसलो.

मामाजी उंच, काटकुळे, आणि बोलायला कंजूष. डोक्यावर पांढरी टोपी, टोपीच्या घडीत लिंबाचा एक वाळलेला काटा खोचलेला. जेवण झालं की तो काढायचा, दात कोरायचे आणि परत खोचायचा. सदऱ्याच्या खिशात कायम दोन-चार लिंबं. कोणाशी हात मिळवला की हात सुटल्यावर समोरच्याच्या तळव्यात एक लिंबू उरलेलं असायचं. एसटीचा कंडक्टर, ग्रामसेवक, बँकेतला शिपाई, मुलगी पाहायला आलेले पाहुणे, कोणीही त्यातून सुटलं नाही. घेणाऱ्याला काय बोलावं कळत नसे. मामाजींनाही त्याने काही बोलावं अशी अपेक्षा नसे.

त्यांचं एकच वाक्य साऱ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होतं. "ताण बसू द्या."

लिंबाचं झाड आपल्याला हवं तेव्हा फुलवायचं तर आधी त्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. याला ताण देणं म्हणतात. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. लवकर सोडलं तर नुसती पालवी फुटते, उशीर केला तर फांद्या वाळतात. मामाजींची हयात ती नेमकी वेळ ओळखण्यात गेली आणि त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना बागच वाटायची. मुलीसाठी स्थळ आलं, "ताण बसू द्या." कोणी रागाने फोन केला, "वाजू दे, ताण बसू दे."

एकदा गावातले दोन भाऊ धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण घेऊन त्यांच्याकडे आले. मी तिथेच होतो. मामाजींनी दोघांना एकाच खाटेवर बसवलं आणि टोपीतला काटा काढून दात कोरत समोर बसले. चहा नाही, पाणी नाही, प्रश्न नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. शेवटी धाकटा थोरल्याला म्हणाला, "दादा, हा बुढा तं काईच बोलत नाई. चाल, घरीच भांडू."

दोघं उठले. मामाजींनी आत हाक मारली, "च्या मांड वं, चार कप." मग मला हळूच म्हणाले, "ताण बसला."

आता मी या चित्रात कुठे येतो ते सांगतो. मी अमरावतीला विद्यापीठात असतो. असतो म्हणजे परीक्षा विभागात असतो. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांवर शिक्का मारणं हे माझं ज्ञानक्षेत्र. पण बायकोच्या माहेरी 'विद्यापीठातले जवाई' असा एक मान आहे आणि तो खोडून काढण्याइतका मी कधीच प्रामाणिक नव्हतो. कोणाला डेंग्यू झाला, कोणाच्या सोयाबीनवर अळी आली, कोणाच्या मुलाला कुठल्या शाखेत घालायचं, मला विचारतात. मी मोबाईलमध्ये पाहतो आणि थोडं थांबून उत्तर देतो. थांबल्याने वजन येतं.

तीन-चार वर्षांपूर्वी मामाजी बागेत पानसोट काढत होते. पानसोट म्हणजे खोडातून सरळ वर जाणारी माजोरी फांदी. फळ देत नाही, काटे मात्र सगळ्यात लांब. कात्रीतून एक फांदी सुटली, झटक्याने परत आली आणि तिचा काटा डाव्या डोळ्यात गेला. मामाजींनी डोळा धुतला, मेडिकलमधून लाली जायचे थेंब आणले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, ताण बसू द्या. डोळ्याला ताण बसत नाही. काट्यासोबत बुरशी आत गेली होती. मुलगा गजानन त्यांना अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला तोवर बुबुळाला व्रण पडला होता. पुष्कळ दिवसांच्या औषधाने तो भरला, पण भरताना मधोमध पांढरा डाग ठेवून गेला. आपल्याकडे म्हणतात तसं फूल पडलं. उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा काटा टोपीत जागेवरच होता. मामीजी चिडल्या होत्या. "त्या काट्याले अजून डोक्यावर घेऊन फिरून राहिले हे."

"त्याचा काय गुन्हा?" मामाजी म्हणाले. "थो आपल्या जाग्यावर होता. मीच गेलो ना त्याच्याजोळ."

एका डोळ्याने माणूस पाहू शकतो, पण अंतर कळत नाही. ज्या माणसाने उभ्या जन्मात नेमकी गाठ पाहून फांदी तोडली, त्याची कात्री आता फांदीच्या बोटभर अलीकडे हवेत मिटायची. चहाची बशी ठेवताना ते आधी हाताने पाट चाचपायचे. बागेतली छाटणी गजानन करू लागला आणि मामाजी खाली उभे राहून नुसते तोडलेल्या फांद्या गोळा करू लागले. त्यांना तो डोळा परत हवा होता. हे ते कधी बोलले नाहीत, पण रिकाम्या हाताची बोटं कात्रीसारखी मिटायची, उघडायची. अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नेत्रदानातलं बुबुळ बसवता येईल. नाव लावून ठेवा, मिळालं की फोन करू. मामाजींनी नाव लावलं आणि मॅडमच्या टेबलावर एक लिंबू ठेवलं.

त्यानंतर महिनाभराने मी मोबाईलमध्ये एक बातमी वाचली.

बातमी अशी की डोळ्याला जखम झाल्यावर जो डाग पडतो, तो पडूच नये म्हणून शास्त्रज्ञ एक नवा उपाय शोधत आहेत. जखम भरून काढा असा हुकूम देणारं एक जनुक असतं. जखम भरली तरी ते हुकूम देतच राहतं, म्हणून डाग जाड होतो. डोळ्यांना दिसणारही नाहीत असे नॅनो कण करायचे, त्यांच्या पोटात त्या जनुकाला गप्प करणारा तुकडा भरायचा आणि थेंबाने किंवा सुईने डोळ्यात सोडायचे. जनुक गप्प, डाग नाही. प्रयोग सशांवर चालू होते.

त्या रविवारी मामाजींच्या अंगणात पाच-सहा माणसं बसलेली होती आणि मी ही बातमी सांगितली. नुसती सांगितली नाही, रंगवली. "समजा मामाजी, तुम्ही ठेकेदाराला सांगितलं, हा खड्डा बुजव. त्याने बुजवला. पण तुम्ही थांब म्हणाला नाहीत, तर तो माती टाकतच बसला. डोळ्याचं तसं होतं. हे कण जाऊन त्याला म्हणतात, बस."

मामाजींनी खिशातलं लिंबू हातात फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे त्या एकाच फांदीचं पानी तोडतेत. झाडाले काई करत नाईत."

इतकं नेमकं मलाही सुचलं नव्हतं. "बरोबर," मी म्हणालो, जणू हेच मी सांगत होतो.

"भेटंल कवा?"

इथे मी म्हणायला हवं होतं, मला माहीत नाही. पण मामीजी चहा घेऊन आल्या होत्या, सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती, आणि मी विद्यापीठातला होतो. मी थोडा थांबलो. "येईल. दोन-तीन वर्षांत."

मामाजींनी माझ्या हातात लिंबू दिलं.

पुढे एका सकाळी गजाननचा फोन आला. "जिजाजी, अमरावतीवरून फोन आल्ता. बुबुळ भेटलं म्हने, लगेच या. बाबा नाई म्हनून राहिले."

"का?"

"म्हंतेत, दुसऱ्या कोण्या लेकराले देऊन द्या. बापूनं सांगतलेलं औषध येऊन राहिलं, मी थांबतो. आता तुमीच बोला."

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. माझं एवढं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, घरी तर नाहीच. मग शंका आली. फोन लावण्याआधी बातमी पुन्हा एकदा नीट वाचावी म्हणून शोधून काढली. पहिल्यांदा मी ती अर्ध्यापर्यंतच वाचली होती. खालच्या अर्ध्यात लिहिलं होतं की हा उपाय ताज्या जखमेसाठी आहे, डाग पडण्याआधी. जुन्या डागावर याचा उपयोग नाही. माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही.

मी मामाजींना फोन लावला. वाजत राहिला. त्यांची सवय मला ठाऊक होती, पुन्हा लावला असता तर उचलला असता. मी पुन्हा लावला नाही. दुपारपर्यंत बुबुळ दुसऱ्या कोणाला बसलं होतं.

त्यानंतर कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला सगळं गोत जमलं. मामीजींचं माहेर तिकडचं. वर्धेच्या काठी गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजायला टाकले होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता, आणि मी ठरवून आलो होतो की आज मामाजींना बाजूला घेऊन सांगायचं. बाजूला घेण्याआधीच त्यांनी मला आपल्याजवळ बसवलं आणि मामीजींच्या भावाला म्हणाले, "हे आमचे जवाईबापू. इद्यापीठात हायेत. डोयाच्या औषधाची सारी मायती हाय याईले."

"कवा येते थे औषध?" भावाने विचारलं.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे पाहायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. ती त्यांनी वळवली आणि तशीच ठेवली. थांबून राहिले.

"काम चालू आहे," मी म्हणालो, आणि आणखी एक रोडगा घेतला. मला भूक नव्हती. तो रोडगा मला दोन दिवस पुरला.

पुढच्या उन्हाळ्यात तो डोळा दुखायला लागला, लाल राहू लागला. मामाजी एसटीने अमरावतीला आले आणि मी त्यांना गाडीवर मागे बसवून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मॅडमनी यंत्रातून पाहिलं आणि वैतागल्या. डागावर कडेने लाल शिरा उतरल्या होत्या. आता बुबुळ बसवलं तरी शरीर ते ठेवून घेईल याची शक्यता कमी झाली होती. बसवायचंच तर बसवू, पण मी आशा लावणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"मागे तुम्हाला फोन केला होता. का नाही आलात, आजोबा?"

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो. हातात त्यांची पिशवी.

"घरी लगन होतं, मॅडम," मामाजी म्हणाले.

"कोणाचं?"

"पुतनीचं."

मामाजींना पुतणी नाही. भाऊच नाही.

"लग्न महत्त्वाचं की डोळा?"

"चुकलंच," मामाजी म्हणाले, आणि खिशातून लिंबू काढून टेबलावर ठेवलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खाटेवरचं घोंगडं सरकवलं होतं. मी बसलो.

स्टँडकडे येताना ते गाडीवर मागे बसले होते. पंचवटी चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा कानाजवळ आवाज आला. "ताण जास्त झाला, बापू."

एवढंच. त्यात माझ्या चुकीचं नाव नव्हतं, औषधाचं नव्हतं. जणू पाणी सोडायची वेळ त्यांचीच चुकली होती.

अकोल्याची गाडी लागायची होती. बाकावर बसलो. मी सुरुवात केली. "मामाजी, ते औषध..."

"त्या सशाईचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या?"

"ज्याईच्या डोयात थे कण सोडले. त्याईले फूल नाई पडलं ना?"

"नाही. कमी पडलं म्हणे."

"चांगलं झालं." थोडं थांबून म्हणाले, "ताज्या काट्याले कामाचं हाय थे. जुन्याले नाई. गजानन मोबाईलातलं वाचून दाखोत होता."

माझ्या हातातली पिशवी जड झाली. "कधी वाचलं त्याने?"

"झाले लय दिवस. आपुन रोडगे केल्ते ना, त्याच्याई आंधी." मग टोपीतला काटा काढून दात कोरत म्हणाले, "येऊ द्या, येईन तवा. तोडाले बाया येतेत आपल्या इथी. कोनाले ना कोनाले लागतेच काटा. त्याईच्या लेकीबाईच्या टायमाले भेटलं तरी बस झालं."

गाडी लागली. ते खिडकीशी बसले, उजवा डोळा माझ्याकडे येईल असे. मी हात हलवला. जे बोलायचं होतं ते गाडी फाटकातून वळल्यावर पूर्ण वाक्यात, व्यवस्थित, मनातल्या मनात बोललो. मला वाक्यं नेहमीच गाडी गेल्यावर सुचतात.

मामाजींना शेवटचं पाहिलं ते यंदा, लिंबाचा तोडा चालू असताना. मी एकटाच गेलो होतो. फाटकातून आत शिरलो आणि दचकलो. झाडाझाडाखाली काहीतरी चमकत होतं. लिंबं तोडणाऱ्या साऱ्या बायांच्या डोळ्यांवर साध्या काचेचे मोठे चष्मे, वेल्डिंगवाले लावतात तसले, पण पांढरे. मामाजींच्याही डोळ्यांवर तोच. टोपी, टोपीत काटा, खाली चष्मा.

एक बाई मला पाहून म्हणाली, "पाहा ना भाऊ, बुढ्यानं आमाले सिनेमातले करून टाकलं. चष्मा काहाडला का वावराबाहीर काहाडतो म्हंते."

"घाम येते आत," दुसरी म्हणाली.

"येऊ दे," मामाजी म्हणाले. "घामानं फूल नाई पडत."

आम्ही खाटेवर बसलो. मी योगायोगाने, की सवयीने कोण जाणे, पुन्हा डाव्या बाजूला. मामाजींनी काटा काढला आणि दात कोरायला लागले. मी उन्हाविषयी बोललो. मुलाच्या ॲडमिशनविषयी बोललो. रस्त्याचं काम कुठवर आलं ते बोललो. चहा आला नाही. पाणीही आलं नाही. बाया झाडांखाली हसत होत्या, ऊन अंगणाच्या मध्यावर आलं, आणि माझ्या हळूहळू लक्षात आलं की मी त्याच खाटेवर बसलो आहे, ज्यावर ते दोघं भाऊ बसले होते. फक्त उठून चल म्हणायला माझ्याजवळ दुसरं कोणी नव्हतं.

मी तोंड उघडलं. "यंदा लिंबं बरी दिसतात," म्हणालो.

मामाजींनी काटा टोपीत खोचला. "हो," म्हणाले. मग आत हाक मारली, "च्या मांड वं, दोन कप."

निघताना फाटकापर्यंत आले. नेहमीसारखं लिंबू द्यायला हात पुढे केला, पण तो माझ्या तळव्याच्या वीतभर अलीकडेच उघडला. लिंबू खाली पडलं, घरंगळत गाडीच्या चाकापाशी गेलं. ते वाकायच्या आत मी उचललं.

"बरं, येजा," ते म्हणाले. मी गाडी सुरू केली. आरशात पाहिलं तर चष्म्याच्या काचेवर ऊन पडलं होतं, त्यामुळे कोणता डोळा चांगला आणि कोणता नाही हे कळत नव्हतं. ते मी होतो त्याच्या जराशा बाजूला तोंड करून हात हलवत होते.

हे सगळं लिहून काढलं आणि काल बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मध्ये कुठे थांबली नाही, कुठे हसली नाही. चांगलं लिहिलंय म्हणेल, निदान डोळे पुसेल, अशी माझी लेखकाला शोभेल इतकी अपेक्षा होती. भाजी निवडून झाली तशी तिने देठं गोळा केली आणि उठता उठता म्हणाली,

"मले काहून वाचून दाखोता? मामाले नेऊन द्या. एका डोयानं वाचता येते त्याईले."